वातावरणीय विखुरण, अणुवीज केंद्रांतील उत्सर्जनाचे

अणुवीज केंद्रातून नित्याच्या कामकाजात अथवा अपघाताच्या प्रसंगी हवेत जाणारे किरणोत्सर्गी वायू, बाष्पे व सूक्ष्मकण वाऱ्याबरोबर वाहत जातात आणि भोवतालच्या हवेत मिसळून उत्तरोत्तर विरळ होतात. या क्रियेस वातावरणीय विखुरण म्हणतात. केंद्राच्या स्थळी नोंदलेल्या हवामानावरून हे द्रव्य कोणत्या दिशेस, किती अंतरापर्यंत आणि किती संहतीने पोहोचेल याचे गणित मांडता येते. या गणिती मांडणीस विखुरणाचे प्रतिमान म्हणतात. केंद्राची जागा निवडणे, धुराड्याची उंची ठरविणे, नित्य उत्सर्जनाच्या मर्यादा घालून देणे आणि अपघाताच्या वेळी कोणत्या गावास कोणती सूचना द्यावयाची हे ठरविणे, ही चारही कामे या प्रतिमानावर अवलंबून असतात. प्रतिमानाचे सूत्र जगभर सारखेच असले, तरी त्यात घालावयाचे आकडे मात्र त्या त्या जागेचेच असावे लागतात. ते दुसरीकडून आणले, तर सूत्र अचूक असूनही उत्तर चुकते.

महाराष्ट्रातील या विषयाचे मुख्य उदाहरण पालघर जिल्ह्यातील (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातील) तारापूर हे होय. तेथील पहिल्या दोन उकळत्या पाण्याच्या विक्रियकांपासून १९६९ मध्ये व्यापारी प्रमाणावर वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेचे जड पाण्याचे दोन विक्रियक २००५ व २००६ मध्ये त्यांत सामील झाले. त्याआधी तुर्भे येथे अप्सरा (१९५६) आणि सायरस (१९६०) हे संशोधन विक्रियक चालू झालेले होते. सायरसमधील ग्रॅफाइटाचे वेष्टन हवेने थंड केले जात असे. त्या हवेतील आर्गॉनाचे न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली आर्गॉन-४१ या किरणोत्सर्गी समस्थानिकात रूपांतर होऊन ते उंच धुराड्यावाटे बाहेर पडे. याचे अर्धायुष्य पावणेदोन तासांहून किंचित अधिक असल्याने काही तासांतच त्याचा मागमूस राहत नसे. पण तोपर्यंत त्याचे गॅमा किरण जमिनीवर मोजता येत. सायरस २०१० च्या अखेरीस कायमचा बंद करण्यात आला.

उत्सर्जित द्रव्ये : उकळत्या पाण्याच्या विक्रियकात वाफ थेट टरबाइनाकडे जाते. तिच्याबरोबर आलेले क्रिप्टॉन व झेनॉन हे अक्रिय वायू संघनकातून खेचून घेतात, त्यांतील अल्पायुषी समस्थानिक क्षय पावावेत म्हणून काही काळ अडवून ठेवतात, मग गाळून धुराड्याकडे सोडतात. जड पाण्याच्या विक्रियकांतून मुख्यतः ट्रिटियमयुक्त बाष्प बाहेर पडते. ही नित्याची उत्सर्जने अल्प असतात. जनतेतील व्यक्तीस सर्व मार्गांनी मिळून वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) घालून दिली आहे. अपघातात मात्र आयोडीन-१३१ (अर्धायुष्य सु. ८ दिवस) व सिझियम-१३७ (सु. ३० वर्षे) यांना महत्त्व येते. आयोडीन श्वासावाटे तसेच गवत, गाय व दूध या मार्गाने अवटू ग्रंथीत साठते. इंग्लंडमध्ये विंडस्केल येथील विक्रियकास १९५७ च्या ऑक्टोबरात आग लागली, तेव्हा सु. ५०० चौ. किमी. प्रदेशातील दुधाची विक्री थांबवावी लागली होती. तो प्रदेश ठरविला तो वाऱ्याने [⟶ किरणोत्सर्ग].

वातावरणाचे स्थैर्य : हवेत सोडलेले द्रव्य किती लवकर विरळ होईल हे वाऱ्याच्या वेगाइतकेच हवेतील संक्षोभावर, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांच्या हालचालींवर, अवलंबून असते. कोरडी हवा वर जाताना प्रसरण पावून दर १०० मी. ला सु. १° से. ने थंड होते. भोवतालच्या हवेचे तापमान उंचीनुसार याहून जलद घटत असेल, तर वर ढकललेला हवेचा पुंज सभोवतीपेक्षा उबदार राहून आणखी वर जातो. असे वातावरण अस्थिर असते आणि त्यात मिश्रण झपाट्याने होते. निरभ्र उन्हाळी दुपार हे याचे उदाहरण. याउलट निरभ्र व शांत रात्री जमीन उष्णता गमावून थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वरची हवा उबदार राहते. उंचीबरोबर तापमान वाढण्याच्या या स्थितीस तापमान व्युत्क्रमण म्हणतात. अशा हवेत उभी हालचाल जवळजवळ थांबते.

व्युत्क्रमण डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर नाशिक जिल्ह्यातील विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यात पौष-माघातील पहाटे जावे. निफाडचे किमान तापमान राज्यातील नीचांकांत वारंवार गणले जाते. थंडीचा कडाका वाढला की द्राक्षबागायतदार बागेच्या कडेने शेकोट्या पेटवितात. तो धूर सरळ वर चढत नाही. थोडा वर जाऊन वेलींच्या मांडवांवर चादरीसारखा आडवा पसरतो आणि सकाळी ऊन तापेपर्यंत तेथेच रेंगाळतो. नऊ-दहा वाजता जमीन तापू लागली की तोच धूर पाहता पाहता नाहीसा होतो. बागायतदारास जे हवे असते तेच विखुरणाच्या अभ्यासकास नको असते, एवढाच फरक. (विंचूरजवळ लासलगाव येथे उभारलेल्या कांदा किरणन केंद्राचा या विषयाशी संबंध नाही. तेथील कोबाल्ट-६० हा धातुरूप उद्गम बंदिस्त असतो, त्यापासून वायुरूप उत्सर्जन होत नाही.)

सूत्राचा उगम : संक्षोभामुळे होणाऱ्या विखुरणाचा गणिती पाया जी. आय. टेलर यांनी १९२१ मध्ये घातला. विषारी वायूंच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये पोर्टन येथे चाललेल्या प्रयोगांतून ओ. जी. सटन यांनी १९३० नंतरच्या दशकात व्यवहारोपयोगी सूत्रे काढली. १९५६ मध्ये अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्यात ओनील या गावाजवळ सपाट गवताळ रानात सल्फर डाय-ऑक्साइड सोडून ८०० मी. अंतरापर्यंत त्याची संहती मोजण्यात आली. या व अशा इतर प्रयोगांच्या आधारे फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये एक साधी पद्धत मांडली आणि फ्रँक गिफर्ड यांनी तिला आज प्रचलित असलेले आलेखरूप दिले.

धुराड्यातून निघालेल्या द्रव्याचा वाऱ्याच्या दिशेने लांबत व रुंदावत जाणारा जो पट्टा असतो, त्यास येथे पिसारा म्हटले आहे. पिसाऱ्याच्या आडव्या व उभ्या छेदात संहती मध्यभागी सर्वाधिक आणि कडांकडे प्रसामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या) वक्राप्रमाणे घटत जाते असे मानतात. त्यानुसार पिसाऱ्याच्या अक्षाखाली जमिनीवरील संहती ही उत्सर्जनाच्या त्वरेच्या सम प्रमाणात असते. वाऱ्याचा वेग, आडवे प्रमाण विचलन व उभे प्रमाण विचलन या तिहींच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. उत्सर्जन उंचावरून होत असेल, तर तीत आणखी एक घातांकी गुणक येतो. उभ्या विचलनाच्या तुलनेत धुराडे जितके उंच तितका हा गुणक लहान. दोन्ही विचलने अंतरानुसार वाढतात. ती किती वेगाने वाढतात हे स्थैर्यावर अवलंबून असल्याने पास्क्विल यांनी स्थैर्याचे ए ते एफ असे सहा वर्ग पाडले. ए म्हणजे अत्यंत अस्थिर, डी म्हणजे तटस्थ (ढगाळ किंवा जोरदार वाऱ्याची हवा) आणि एफ म्हणजे निरभ्र, शांत रात्रीची स्थिर हवा.

या वर्गांमुळे पडणारा फरक एका हिशोबावरून ध्यानात येईल. वाऱ्याचा वेग दोन्ही वेळी सेकंदाला २ मी. धरू. केंद्रापासून १ किमी. अंतरावर, उन्हाच्या दुपारी (बी वर्ग) पिसाऱ्याचे आडवे विचलन सु. १५५ मी. व उभे सु. ११० मी. असते, रात्री (एफ वर्ग) हेच आकडे सु. ३५ मी. व १४ मी. एवढे भरतात. गळती जमिनीलगत होत असेल, तर त्या ठिकाणी रात्रीची संहती दुपारच्या सु. ३५ पट येते. उद्गम तोच, वाऱ्याचा वेग तोच. फरक केवळ हवेच्या मिश्रणक्षमतेचा. आता तेच द्रव्य १०० मी. उंचीच्या धुराड्यातून सोडले असे समजू. दुपारी जमिनीवरील संहती आधीच्या दोन-तृतीयांश राहते. रात्री मात्र ती १ किमी. वर शून्यवत होते, कारण पिसारा डोक्यावरून निघून जातो. १० किमी. पर्यंत गेल्यावर तो जमिनीस टेकू लागतो आणि तेथील संहती धुराड्याच्या दुपारच्या, १ किमी. वरील संहतीच्या सु. एक-पंचमांश होते. म्हणजे जी रात्र उंच धुराड्याच्या शेजाऱ्यास निर्धोक, तीच जमिनीलगतच्या गळतीत सर्वांत धोक्याची ठरते. उंच धुराड्यापासून दूरच्या गावांना पोहोचणाऱ्या अंशाचाही रात्री वेगळा विचार करावा लागतो. ‘हवा चांगली आहे की वाईट’ असा ढोबळ प्रश्न या शास्त्रात विचारता येत नाही, तो यामुळेच.

स्थानिक निरीक्षणे : पास्क्विल यांची पद्धत लोकप्रिय झाली ती तिच्या साधेपणामुळे. १० मी. उंचीवरील वाऱ्याचा वेग, दिवसा उन्हाची तीव्रता आणि रात्री ढगांचे प्रमाण एवढ्या तीन गोष्टींवरून वर्ग ठरविता येतो आणि त्या कोणत्याही वेधशाळेत नोंदलेल्या असतात. सोईचा हा गुणच पुष्कळदा दिशाभूल करतो. अणुवीज केंद्राच्या आवारात म्हणून एक स्वतंत्र मनोरा उभारतात. त्यावर निरनिराळ्या उंचीवर पवनवेगमापक, वातकुक्कुट व तापमापक बसवितात. दोन पातळ्यांवरील तापमानांतील फरकावरून, किंवा वातकुक्कुट किती अंशांनी इकडेतिकडे हलतो यावरून, स्थैर्याचा वर्ग थेट मिळतो. दिशेचे प्रमाण विचलन सु. २५° असेल तर ए वर्ग, सु. १०° असेल तर डी आणि अडीच अंशांच्या आसपास असेल तर एफ. या दोन पद्धतींनी एकाच तासासाठी भिन्न वर्ग निघणे ही नवलाची गोष्ट नाही. एक पद्धत उभ्या मिश्रणाचा माग काढते, दुसरी आडव्या. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा वेळी सरासरी काढण्यापेक्षा दोन्ही विचलनांसाठी दोन वेगळे वर्ग वापरणे अधिक प्रामाणिक होय.

वर्षात ८,७६० तास असतात. प्रत्येक तासाची दिशा (२२.५° चा एक असे १६ विभाग), वेग व स्थैर्य यांची नोंद करून ‘अमुक दिशा, अमुक वेग, अमुक वर्ग’ ही स्थिती वर्षातून किती तास होती याचा तक्ता करतात. नित्य उत्सर्जनाची वार्षिक सरासरी संहती यावरून निघते. एका वर्षाच्या तक्त्यावर विसंबणे बरे नव्हे, कारण पावसाळा दरवर्षी सारखा नसतो. निदान काही वर्षांच्या नोंदी लागतात. भारतात प्रत्येक अणुवीज केंद्राच्या स्थळी विक्रियक चालू होण्यापूर्वीच पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा स्थापण्याची प्रथा आहे आणि तिच्या कामांत या नोंदींचाही समावेश होतो.

दुसऱ्या ठिकाणची आकडेवारी का चालत नाही हे तारापूरच्या बाबतीत सहज दाखविता येते. मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि तेथील हवामानाच्या नोंदी देशातील सर्वांत जुन्या व विश्वसनीय नोंदींपैकी आहेत. परंतु कुलाबा हा समुद्रात घुसलेला चिंचोळा भूभाग असून तारापूरपासून सु. १०० किमी. दक्षिणेस आहे. तारापूरला पश्चिमेस उघडा समुद्र, उत्तरेस चिंचणीची वस्ती, पूर्वेस बोईसर व तेथील औद्योगिक वसाहत आणि त्यापलीकडे टेकड्यांच्या रांगा आहेत. खाडीकाठची पाणथळ, सुरूची बने, गावठाणे यांनी जमिनीचा खडबडीतपणा पावलोपावली बदलतो. नेब्रॅस्काच्या गवताळ रानात ८०० मी. पर्यंत मोजलेले विचलन येथे १०-१५ किमी. पर्यंत ताणले जाते, हे सूत्र वापरणाऱ्याने क्षणभरही विसरू नये. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकास, रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रस्तावित केंद्राची जागा समुद्रालगतच्या उंच सड्यावर आहे. कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यामुळे तेथील हिशोब तारापूरहूनही वेगळा करावा लागेल.

खारे व मतलई वारे : किनाऱ्यावरील केंद्रांच्या बाबतीत सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच होय. ऑक्टोबर ते मे या काळात दिवसा जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. वार्षिक सरासरीत दोन्ही दिशा सारख्या भरल्या, तरी परिणाम सारखा नसतो. मतलई वाऱ्याबरोबर गेलेला पिसारा पहाटेच्या स्थिर हवेत समुद्रावर जातो. तेथे लोकवस्ती नाही असे नकाशा सांगतो, पण दांडी व घिवलीच्या होड्या त्याच वेळी समुद्रात असतात. शिवाय खारा वारा सुरू झाला की समुद्रावर गेलेल्या हवेपैकी काही भाग परत किनाऱ्याकडे येतो. पिसारा सरळ रेषेत जातो असे मानणाऱ्या सूत्रात या परतीच्या प्रवासास जागाच नाही.

दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. समुद्रावरून येणारी हवा तुलनेने थंड व स्थिर असते. तापलेल्या जमिनीवर येताच तिचा खालचा थर ढवळला जाऊ लागतो. या ढवळलेल्या थराची जाडी किनाऱ्याशी शून्य असते आणि आत जावे तशी ती वाढते. पहिल्या किलोमीटरभरात ती साधारणपणे शे-दीडशे मीटर वा त्याहून अधिक होते. किनाऱ्यावरील उंच धुराड्यातून निघालेला पिसारा प्रथम वरच्या स्थिर हवेत अरुंद, दाट असा वाहत राहतो. जेथे वाढता थर त्याला गाठतो, तेथे तो एकाएकी खाली ढवळला जाऊन जमिनीवर उतरतो. धुराड्याची उंची ज्या संरक्षणासाठी योजलेली असते ते त्या ठिकाणी निष्फळ ठरते. किनाऱ्यावरील मनोऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण ही घटना मनोऱ्याच्या आत काही अंतरावर, भर दुपारी घडते. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे पूर्व किनाऱ्यावरील या थराचा सविस्तर अभ्यास झाला आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य व पश्चिमेकडील जोरदार वारे, ढगाळ आकाश व तटस्थ हवा असते. विखुरण चांगले होते, मात्र सारे जमिनीच्या दिशेने.

शांत हवा व दिशेचे सातत्य : सूत्रात वाऱ्याचा वेग छेदस्थानी असल्याने वेग शून्य झाला की उत्तर अनंत येते, म्हणजेच सूत्र निरुपयोगी होते. ब्रिटन व उत्तर अमेरिकेतील मैदानांवर ही अडचण क्वचित भासते. आपल्याकडे हिवाळी रात्री शांत हवेचे तास पुष्कळ असतात. त्यातच जुन्या धर्तीचे पवनवेगमापक मंद वाऱ्याने फिरतच नाहीत आणि नोंदवहीत ‘शांत’ असा शेरा पडतो. असे तास गाळून उरलेल्यांचा तक्ता करणे म्हणजे नेमक्या वाईट वेळा वगळणे होय. ध्वनिलहरींच्या साहाय्याने वेग मोजणाऱ्या फिरते भाग नसलेल्या उपकरणांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

अपघातात वार्षिक सरासरीपेक्षा वारा एकाच दिशेने किती तास टिकतो हा प्रश्न कळीचा असतो. वारा फिरत राहिला, तर मात्रा अनेक गावांत विभागली जाते. टिकून राहिला, तर एकाच गावावर पडते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील व्ही. व्ही. शिरवईकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशेच्या या सातत्यावर आधारित प्रतिमान १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. हवेतील उत्सर्जनापासून मिळणाऱ्या मात्रेच्या मूल्यमापनाची जी पुस्तिका त्या केंद्राने १९८८ मध्ये काढली, तिच्या लेखकांतही ते होते. भारतीय परिस्थितीसाठी तयार कोष्टके हाताशी देणारे हे काम असल्याने त्याचा उपयोग दीर्घकाळ होत राहिला.

पाऊस व निक्षेपण : अक्रिय वायू जमिनीला चिकटत नाहीत. आयोडीन व कणरूप सिझियम मात्र गवत, पाने व माती यांवर बसतात. आयोडीनाचा निक्षेपणाचा वेग सेकंदाला सु. १ सेंमी. या कोटीचा धरतात. पाऊस पडत असेल, तर हवेतील द्रव्य अनेक पटींनी अधिक त्वरेने खाली धुतले जाते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे झालेल्या अपघातातील उत्सर्जन सु. दहा दिवस चालू होते आणि त्या अवधीत वारा अनेकदा फिरला. केंद्रापासून २०० किमी. हून दूर ईशान्येस मोगिल्योव्ह-ब्रियान्स्क भागात दूषित भूमीचा जो मोठा डाग उमटला, तो तेथे त्या दिवसांत झालेल्या पावसामुळे. यास्तव वाऱ्याच्या नोंदींइतकीच पर्जन्यमापकांच्या दाट जाळ्याचीही गरज असते.

दूर अंतरे : सरळ रेषेतील पिसाऱ्याचे सूत्र फार तर काही दशक किलोमीटरांपर्यंत वापरण्यासारखे आहे. तारापूरपासून विंचूर सरळ रेषेत सु. १६५ किमी. पूर्वेस आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. या अंतरावर काय पोहोचेल हे तारापूरच्या मनोऱ्यावरून सांगता येणार नाही. सेकंदाला ५ मी. वेगाच्या वाऱ्यास तेवढे अंतर कापण्यास नऊ तास लागतात. तेवढ्या वेळात खारे वारे मतलई होतात, दिवसाची रात्र होते आणि हवा स्थैर्याच्या दोन-तीन वर्गांतून जाते. पावसाळ्यात घाट चढणारी हवा घाटमाथ्यावर पाऊस सांडते. इगतपुरीस वर्षाला ३,००० मिमी. हून अधिक पाऊस होतो, तर निफाड तालुक्यात त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे पावसाळी पिसाऱ्यातील धुतले जाण्याजोगे द्रव्य बव्हंशी घाटातच उतरेल, असा तर्क करता येतो. कोरड्या ऋतूत हे गाळण नसते. अशा अंतरांसाठी उत्सर्जनाचे अनेक लहान पुंजांत किंवा हजारो कल्पित कणांत विभाजन करतात आणि प्रत्येकाचा मार्ग संगणकावरील हवामान प्रतिमानाने दिलेल्या, ताशी बदलणाऱ्या वाऱ्यांनुसार काढतात. येथेही विंचूर-निफाडसारख्या ठिकाणची जमिनीवरील निरीक्षणे नसतील, तर संगणकाने दिलेल्या वाऱ्याची पडताळणी कशाशी करावयाची, हा प्रश्न राहतोच.

आणीबाणीतील उपयोग : भारतात अणुवीज केंद्राभोवतीच्या १६ किमी. त्रिज्येच्या क्षेत्रासाठी आणीबाणीची योजना तयार ठेवतात. घरात दारे-खिडक्या लावून थांबणे, अवटू ग्रंथीच्या संरक्षणासाठी स्थिर आयोडीनाच्या गोळ्या घेणे, दूध व भाजीपाला वर्ज्य करणे आणि स्थलांतर हे त्यातील उपाय होत. १६ विभागांपैकी कोणत्या दोन-तीन विभागांत ते आधी योजावयाचे हे वाऱ्यावरून ठरते. केंद्रापासून ठरावीक अंतराचे वर्तुळ काढून त्यातील सर्वांस हलविणे दिसावयास सुरक्षित वाटले, तरी तसे असतेच असे नाही.

जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर हेच अनुभवास आले. त्या देशाकडे ‘स्पीडी’ नावाची, स्थानिक हवामानावरून विखुरणाचे भाकीत करणारी यंत्रणा होती. विक्रियकांतून नेमके किती द्रव्य बाहेर पडत आहे हे कळत नसल्याने, उत्सर्जन एक एकक धरून तिचे हिशोब चालू ठेवण्यात आले. या हिशोबांतून दिशा कळत होती. परंतु ते लोकांपुढे आले नाहीत. पहिला निष्कर्ष २३ मार्चला जाहीर झाला. तोपर्यंत नामिए गावातील पुष्कळ रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयास गेलेले होते. १५ मार्चला वारा आग्नेयेकडून वाहिला, पिसारा वायव्येस गेला आणि सायंकाळी पाऊस व बर्फ पडून द्रव्य जमिनीवर उतरले. लोक जेथे सुरक्षिततेसाठी गेले होते तोच पट्टा अधिक दूषित झाला. वीस किमी. च्या वर्तुळाबाहेरील, त्याच दिशेच्या इटाटे गावास स्थलांतराच्या क्षेत्रात घालण्यास २२ एप्रिल उजाडला. उत्सर्जनाचे प्रमाण अज्ञात असल्याने भाकीत निरर्थक आहे, हा युक्तिवाद तेव्हा करण्यात आला. तो टिकणारा नाही. मात्रा सांगता येत नसली, तरी कोणत्या दिशेस जाऊ नये एवढे त्या वेळी सांगता आले असते.

भाकिताच्या अचूकतेबद्दल अवास्तव अपेक्षा मात्र बाळगू नये. सपाट प्रदेशात, दहा-एक किमी. च्या आत, वार्षिक सरासरी संहतीचे अनुमान दुप्पट ते निम्मे या मर्यादेत आले तरी ते चांगले मानतात. विशिष्ट तासाच्या, विशिष्ट ठिकाणच्या संहतीत दसपट तफावतही पडू शकते. किनारा व डोंगर यांच्या सान्निध्यात ती त्याहून वाढते. म्हणून भाकिताच्या जोडीस प्रत्यक्ष मोजणी हवी. भाभा अणुसंशोधन केंद्राने पर्यावरणातील गॅमा किरणांची सतत नोंद करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे देशव्यापी जाळे उभारले आहे. तसेच आणीबाणीत हवामानाचे अंदाज व विखुरणाचे गणित एकत्र जुळवून निर्णयास साहाय्य करणारी संगणकीय प्रणालीही विकसित केली आहे. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रानेही अशी प्रणाली स्वतंत्रपणे तयार केली.

या साऱ्याच्या मुळाशी असलेली उपकरणे मात्र साधी आणि नाजूक असतात. कोकण किनाऱ्यावर खारट हवेने पवनवेगमापकाच्या धारव्यांवर गंज चढतो व ते जड फिरू लागतात; नोंदीत वेग खरोखरीपेक्षा कमी येतो आणि शांत तासांची संख्या फुगते. वादळी पावसात विजेचा पुरवठा खंडित होऊन नेमक्या त्याच तासांची नोंद राहून जाते. वर्षातील नव्वद टक्के तासांची नोंद मिळाली म्हणजे ती पुरेशी, असे सामान्यतः मानले जात असले, तरी गहाळ झालेले दहा टक्के तास वादळाचे आहेत की शांत रात्रींचे, हे पाहिल्याशिवाय तो तक्ता वापरू नये. फुकुशिमात भूकंप व त्सुनामीनंतर वीज व संदेशवहन तुटून आसपासची बहुतेक किरणोत्सर्ग-मापन केंद्रे पहिल्याच दिवशी निकामी झाली होती. यासाठी मनोऱ्यावरील व भोवतालच्या उपकरणांना केंद्राच्या विजेहून वेगळे विद्युत् घट व सौर पट्टे आणि संदेशवहनाचा एक पर्यायी मार्ग देतात. वर्षातून निदान एकदा पवनवेगमापक खाली उतरवून त्यांचे प्रमाणीकरण करावे लागते आणि किनाऱ्यावर हे काम पावसाळा संपताच करणे इष्ट असते.